मेलेल्याचा गुन्हा काय?

भिलाईच्या सिविक सेंटरपासून थोड्याच अंतरावर, मैत्री बागेत, पांढरे वाघ आहेत. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून पोलाद कारखान्याने १९७२ साली ही बाग उभारली आणि पुढे पांढऱ्या वाघांच्या पैदाशीसाठी तिचे नाव झाले. सेक्टरांत वाढलेल्या मुलांनी, त्यांत विदर्भातून नोकरीच्या निमित्ताने येऊन इथलीच झालेली मराठी घरेही आली, वाघ पहिल्यांदा पाहिला तो बहुधा इथेच, खंदकापलीकडे. हा रंग रानात अगदी विरळा. १९५१ साली रीवाचे महाराज मार्तंडसिंह यांनी मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला आणि पुढे त्याच्याच लेकीशी त्याचा जोडा लावून हा वाण वाढवला गेला. आज प्राणिसंग्रहालयांत दिसणारे बहुतेक पांढरे वाघ त्याच वंशातले आहेत. असे असताना २०१४ च्या ऑक्टोबरअखेरीस पडद्यावर आलेल्या कमल सदाना यांच्या 'रोअर' या चित्रपटात एक पांढरी वाघीण सुंदरबनच्या खारफुटीत माणसे मारत हिंडते. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ही चूक आहे, पण तेवढ्यावर थांबले तर त्या चित्रपटातली महत्त्वाची गोष्ट निसटते. वाघीण मारते, कारण माणसाने तिच्या बछड्याला हात लावला. मरणाऱ्याने आधी काहीतरी केलेले असते, आणि कथा उभी राहते ती त्या 'काहीतरी'वर.

हा चित्रपट लागण्याच्या महिनाभर आधी, २३ सप्टेंबर २०१४ रोजी, दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात विजय नावाच्या पांढऱ्या वाघाने खंदकात पडलेल्या एका तरुणाचा जीव घेतला. तो कोपऱ्यात हात जोडून बसला आहे आणि वाघ त्याच्यासमोर उभा आहे, हे मोबाईलवर टिपलेले दृश्य देशभर पाहिले गेले. पुढचे काही दिवस चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरली: तो पडला की त्याने उडी मारली? उडी मारली असेल तर जणू प्रश्नच मिटत होता. कठडा किती उंच होता, रखवालदार कुठे होते, वाघाला बेशुद्ध करण्याची तजवीज किती वेळात होऊ शकते, हे प्रश्न मागे पडले. प्रत्यक्षातल्या मृत्यूलाही लोकांनी पटकथेचाच नियम लावला.

प्राण्यांवरच्या भयपटांबद्दल नेहमीची तक्रार अशी, की ते जनावराला बदनाम करतात. तक्रार खरी आहे, पण अपुरी आहे. या चित्रपटांचा मोठा अन्याय मेलेल्या माणसावर होतो, असे मला वाटते. जनावराला मन, हेतू आणि सूड बहाल केला, की त्या सुडाला पात्र असा कोणीतरी लागतो. तो बेफिकीर असतो, लोभी असतो, दारू पिऊन गोंगाट करतो, मनाई केलेल्या वाटेने जातो. सोहम शाह यांच्या 'काल' (२००५) या चित्रपटात तर ही गोष्ट उघडच मांडली आहे. अभयारण्यात माणसे मरतात, वाघांवर संशय जातो, आणि शेवटी कळते की जंगलाचे नियम मोडणाऱ्यांना शिक्षा देणारे एक भूत यामागे आहे. प्रेक्षक घाबरतो, पण मनात कुठेतरी सुरक्षितही असतो, कारण आपण नियम मोडणारे नाही हे त्याला ठाऊक असते. मृत्यूला कारण सापडले की भीती आटोक्यात येते. ते कारण मेलेल्याच्या वागण्यात सापडले, तर बाकी कोणालाच काही करावे लागत नाही.

आता प्रत्यक्षात कोण मरते ते पाहू. भिलाईहून मुंबईच्या दिशेने निघालेली गाडी राजनांदगाव, डोंगरगढ ओलांडून गोंदियाला महाराष्ट्रात शिरते. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या एकाच प्रांतात होता आणि रानाला ती सीमा अजूनही कळलेली नाही. या पट्ट्यात, विशेषतः चंद्रपूर-गडचिरोलीत, वाघाच्या हल्ल्यात जाणारी माणसे कोण असतात? गुराखी, सरपण आणणाऱ्या बाया, मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच्या अंधारात मोहफुले वेचणारे, मे महिन्यात तेंदूपाने तोडणारे. छत्तीसगढात तेंदूच्या ५० पानांची एक गड्डी आणि हजार गड्ड्यांचा एक मानक बोरा धरतात. म्हणजे ५० हजार पाने. त्यासाठी सरकारी दर आता ५,५०० रुपये आहे. पाने कोवळी असताना, ऊन चढायच्या आत तोडावी लागतात, आणि झुडपे खुरटी असल्याने तोडणारी दिवसभर कमरेत वाकलेली असते. वाकलेला, पाठमोरा माणूस वाघाला चार पायांच्या भक्ष्यासारखा दिसतो, असे वनखात्याची माणसे नेहमी सांगतात. यात वाघाचा सूड नाही आणि बाईची बेफिकिरी नाही. आहे ती फक्त वेळ, झुडपाची उंची आणि पानांचा भाव.

तरीही अशा मृत्यूनंतर पहिला प्रश्न येतो तो, 'जंगलात गेलीच कशाला?' वनखात्याच्या निवेदनात 'वनक्षेत्रात विनापरवानगी प्रवेश' असे शब्द उमटतात, शहरातल्या वाचकाला ते पटतात. मग चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राचे काय करायचे? फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या केंद्राच्या आवारात, रात्री ड्यूटी आटोपून घरी निघालेला एक कामगार वाघाच्या हल्ल्यात गेला. तो जंगलात गेला नव्हता, कामावर गेला होता. आवारातली झुडपे, डुकरे, पाणी आणि जवळच ताडोबा, यामुळे वाघच तिथे आला होता. भिलाईसारख्या पाळ्यांवर चालणाऱ्या गावाला हा मृत्यू दूरचा वाटू नये. इथल्या भट्ट्यांत पडणारे लोहखनिज दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून येत आले आहे, आता रावघाटच्या रानाकडे नजर आहे. कारखाना आणि जंगल हे दोन वेगळे देखावे नाहीत. भयपटाला मात्र ते वेगळेच लागतात: इकडे सुरक्षित शहर, तिकडे शापित रान, आणि मधली वेस ओलांडणारा अपराधी.

या नियमाची सर्वांत ठळक लागण यवतमाळ जिल्ह्यात दिसली. पांढरकवडा-राळेगाव भागात १३ माणसांच्या मृत्यूंशी नाव जोडले गेलेली टी-१ ही वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी घालून मारण्यात आली. तिला दोन बछडे होते. तिला हुडकण्यासाठी शेकडो माणसे, कॅमेरे, हत्ती, आणि वास घेऊन ती यावी म्हणून एका विदेशी अत्तराचाही वापर झाला. शहरांत तिला 'अवनी' हे नाव मिळाले, मोर्चे निघाले, न्यायालयांत अर्ज झाले. गावांत ती मेल्याच्या रात्री फटाके फुटले. एका बाजूला खुनी वाघीण, दुसऱ्या बाजूला बछड्यांसाठी झुंजणारी आई. दोन्ही व्यक्तिरेखा सिनेमातल्या आहेत, दोन्हींत वाघिणीला हेतू आहे. या भांडणात ते १३ जण कोण होते, कोणत्या कामाला गेले होते, त्यांच्या शेताची आणि रानाची हद्द एवढी सरमिसळ का झाली होती, हे देशाला कळलेच नाही. १३ हा वाघिणीच्या चारित्र्याचा आकडा झाला. वाघीण कशी मारली गेली याची चौकशी व्हायलाच हवी होती. बेशुद्ध करून पकडण्याचा प्रयत्न खरोखर झाला का, हा प्रश्न रास्त होता. पण वाघिणीच्या मरणाची जेवढ्या बारकाईने छाननी झाली, तेवढी त्या १३ पैकी एकाही मरणाची सार्वजनिक छाननी झाली नाही.

अमित मसुरकर यांचा 'शेरनी' (२०२१) या घटनेच्या छायेत उभा आहे आणि हिंदीत या विषयावर इतका समंजस चित्रपट मी तरी दुसरा पाहिलेला नाही. त्यात वाघीण जवळजवळ दिसत नाही. तिची वाट तांब्याच्या खाणीने अडवलेली आहे, हे नकाशावर बोट ठेवून दाखवले जाते. भीती निर्माण होते ती निवडणुकीच्या सभांतून, शिकाऱ्याच्या हौसेतून, वरिष्ठांच्या टाळाटाळीतून. दोष मेलेल्यांवर टाकलेला नाही, हे त्याचे मोठेपण. तरीही त्याचा डोळा अधिकारी बाईच्या मागे फिरतो आणि गावातले मृत्यू तिच्या कसोटीचे टप्पे होऊन येतात. मेलेल्याच्या घरात कॅमेरा फार वेळ थांबत नाही. एवढी एक पायरी राहिली, म्हणूनच ती पुढच्या कोणी चढावी असे वाटते.

हे केवळ आपल्याकडचे दुखणे नाही. १८९८ मध्ये ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत त्सावो नदीवर रेल्वेपूल बांधला जात असताना दोन सिंहांनी महिनोन्महिने मजुरांना उचलून नेले. त्या मजुरांत हिंदुस्थानातून नेलेले अनेक होते. मुख्य अभियंता जॉन हेन्री पॅटर्सन याने अखेर दोन्ही सिंह मारले आणि पुढे पुस्तक लिहिले. मृतांचा आकडा त्याने १३५ पर्यंत नेला. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये ठेवलेल्या त्या सिंहांच्या हाडांचा आणि केसांचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये तो अंदाज सुमारे ३५ वर आणला. एका सिंहाच्या दाताच्या मुळाशी मोठे गळू होते, हेही कवटीवरून दिसले. त्या दशकात बुळकांडीच्या साथीने गुरे आणि रानातले खुरी प्राणी मोठ्या संख्येने मेले होते. दुखरा दात, ओस पडलेले रान आणि काट्यांच्या कुंपणाआड तंबूत झोपलेले परदेशी मजूर, एवढी कारणे पुरेशी आहेत. १९९६ च्या 'द घोस्ट अँड द डार्कनेस' या चित्रपटाने मात्र त्या सिंहांना जवळजवळ सैतानी रूप दिले आणि एक कल्पित अमेरिकन शिकारी आणला. ओम पुरी त्यात मजुरांचे म्होरके होते, तेवढाच आपला चेहरा. बाकी मजूर कॅमेऱ्यासमोर येतात ते ओढून नेले जाण्यापुरते. जिम कॉर्बेटने १९०७ मध्ये मारलेल्या चंपावतच्या वाघिणीचेही उजवीकडचे सुळे जुन्या गोळीने तुटलेले होते, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले. शिकाऱ्याच्या वहीत असलेले कारण पटकथेत येईपर्यंत गळून का पडते? कारण तुटलेल्या सुळ्याचा माग काढत गेले तर आधीची गोळी कोणी झाडली हे विचारावे लागते.

सापांच्या बाबतीत हा प्रकार सर्वांत महागात पडला आहे. राजकुमार कोहली यांच्या 'नागिन'मध्ये (१९७६) जोडीदार मारला गेला म्हणून नागीण एकेकाला हेरून मारते. असे चित्रपट दशकानुदशके चालले. पडद्यावरचा साप फणा काढतो, डोळ्याला डोळा भिडवतो, नाव-गाव लक्षात ठेवून येतो. आता प्रत्यक्ष पाहा. भारतात २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने मेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. वाघाच्या हल्ल्यात वर्षाकाठी देशभर जाणाऱ्यांची संख्या शंभराच्या आसपास किंवा त्याखाली असते. या ५८ हजारांतले बहुतेक खेड्यातले, बरेच पावसाळ्यातले, आणि त्यांत मण्यारीचा मोठा हात. मण्यारीला, जिला छत्तीसगढात करैत म्हणतात, फणा नसतो. ती रात्री उंदराच्या मागे घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावा इतका हलका की पुष्कळदा झोपही मोडत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलता येत नाही, आणि शेवटी श्वास थांबतो. वेळेत प्रतिविष आणि कृत्रिम श्वास मिळाला तर माणूस वाचतो. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी एवढ्यानेही पुष्कळ दंश टळतात. याहून भयानक पटकथा कोणी लिहू शकेल असे मला वाटत नाही. पण तिच्यात सूड नाही, अपराध नाही, आणि मरणारा झोपेत आहे. झोपणे हा गुन्हा ठरवता येत नाही, म्हणून हा मृत्यू पडद्यावर येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की भयपट म्हणजे करमणूक. सिनेमा पाहून कोणी सर्पशास्त्र शिकत नाही. मान्य, पण सवय लागते, आणि सवयीचा पुरावा स्वतः या प्रकाराच्या जनकांपैकी एकाने दिला आहे. स्टीव्हन स्पीलबर्गचा 'जॉज' (१९७५) ज्या कादंबरीवरून निघाला, तिचा लेखक पीटर बेंचली पुढे आयुष्यभर शार्कच्या संरक्षणासाठी झटला. मिळालेल्या ज्ञानानंतर ती कादंबरी आपण लिहू शकलो नसतो, असे तो म्हणत असे. जनावराबाबत झालेली चूक त्याला दिसली होती. मात्र 'जॉज'ने दुसऱ्या बाबतीत आपल्या अनुकरणकर्त्यांपेक्षा अधिक न्याय केला, हे सांगितले पाहिजे. तिथे मरणारा लहान मुलगा सर्वस्वी निरपराध आहे. दोष आहे तो सुट्टीच्या हंगामाचा धंदा बुडू नये म्हणून किनारा उघडा ठेवणाऱ्या नगराध्यक्षावर. मुलाची आई पोलीस प्रमुखाच्या थोबाडीत मारते तो प्रसंग चित्रपटातल्या कोणत्याही जबड्यापेक्षा जास्त काळ लक्षात राहतो. पुढच्या पन्नास वर्षांत अस्वल, मगर, अजगर यांच्यावर चित्रपट काढणाऱ्यांनी 'जॉज'चा शार्क उचलला आणि नगराध्यक्ष सोडून दिला.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: जनावराला मन देणे सिनेमाने शोधलेले नाही, आपल्या लोकपरंपरेत ते पूर्वापार आहे. खरे आहे. पालघर, ठाण्यातल्या वारली पाड्यांत, अकोले तालुक्यातल्या महादेव कोळ्यांत वाघोबा पुजला जातो, दिवाळीच्या तोंडावर वाघबारस होते. पण या पूजेची रचना नीट पाहिली तर ती भयपटाच्या उलट आहे. वाघोबाला नैवेद्य देणारा माणूस गुराढोरांची, रानात जाणाऱ्यांची राखण मागतो. रानात जाणे हे त्याच्या जगण्याचे काम आहे, हे देवालाही मान्य असते. चूक झाली तर देव कोपतो अशी भावना तिथेही आहे, मी ती पुसून टाकत नाही. पण ती भावना सगळ्या गावाला बांधते, उपाय सामूहिक असतो, आणि वाघ शेजारी राहणार हे गृहीत धरलेले असते. चित्रपटाने परंपरेतला कोप तेवढा घेतला आणि करार टाकून दिला.

तिसरा आक्षेप निसर्गप्रेमींचा. ते म्हणतील, भीती दाखवूच नका, त्याने संरक्षणाला धक्का लागतो. इथे मी त्यांच्या बाजूने नाही. भीती लपवली की मेलेला दुसऱ्यांदा नाहीसा होतो. ताडोबाच्या जिप्सीतून दिसणारा, नावाने ओळखला जाणारा, छायाचित्रांतला वाघ खरा आहे, आणि बफर क्षेत्रातल्या बाईला दिसणारा वाघही खरा आहे. हत्तीचे उदाहरण यासाठी बोलके आहे. आपल्या चित्रपटांनी हत्तीला कायम सोबती केले. 'हाथी मेरे साथी' (१९७१) मधला रामू मालकासाठी जीव देतो. प्रत्यक्षात भारतात हत्तींमुळे दरवर्षी पाचशेच्या वर माणसे मरतात, वाघापेक्षा कितीतरी अधिक. उत्तर छत्तीसगढात, सरगुजा, कोरबा, रायगढकडे, धानाच्या हंगामात गावे रात्र रात्र जागतात. २०२१ च्या ऑक्टोबरात एक कळप छत्तीसगढातून गडचिरोलीत उतरला, आणि ज्या शेतकऱ्यांनी हत्ती फक्त चित्रात पाहिला होता त्यांच्या बांधावर तो उभा राहिला. गोड चित्रपटांनी या माणसांना कोणतीच तयारी दिली नव्हती. भयपटांनीही दिली नसती.

मग कोणता चित्रपट हवा? जुन्नरची गोष्ट घ्या. धरणांचे पाणी आले, ऊस वाढला, उसात बिबट्यांनी संसार थाटले. माणसांवर फारसे हल्ले होत नव्हते, तरी लोकांच्या दबावाखाली बिबटे पकडून दूर सोडायला सुरुवात झाली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार, त्याआधी वर्षाला सरासरी ४ असलेले माणसांवरचे हल्ले २००१ ते २००३ या काळात १७ वर गेले, आणि ते सोडलेल्या जागांच्या आसपास होते. परक्या मुलखात भेदरलेले जनावर आणून सोडले होते. याच संशोधनाच्या वाटेवर 'आजोबा' नावाचा बिबट्या भेटतो. माळशेज घाटात सोडल्यावर तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला, वाटेत कोणालाही न दुखावता. सुजय डहाके यांनी २०१४ मध्ये त्यावर मराठी चित्रपट केला. तो सुखरूप पोचलेल्या जनावराचा चित्रपट होता, आणि चांगला होता. पण वनखात्याच्या गाडीतून रात्री उतरवल्या जाणाऱ्या पिंजऱ्याचा आणि सकाळी त्या गावात अंगणात खेळणाऱ्या पोराचा चित्रपट अजून झालेला नाही. त्यात सगळे जण भल्या हेतूने वागतात. पकडा म्हणणारे गावकरी, पकडणारे कर्मचारी, दूर सोडा म्हणणारे प्राणिप्रेमी, कोणीही खलनायक नाही. आणि पोर मरते.

खलनायकाशिवाय भयपट चालेल का, ही शंका निर्मात्यांना असते. 'जॉज'चे यांत्रिक शार्क चित्रीकरणात सतत बिघडत होते, म्हणून स्पीलबर्गला शार्क न दाखवता भीती उभी करावी लागली, आणि ती अधिक खोल गेली. न दिसणारे जनावर हेच आमच्या रानातले वास्तव आहे. उसातला बिबट्या आणि तेंदूच्या झुडपामागचा वाघ शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. तेव्हा तंत्राची अडचण नाही. अट एकच घालावी: मरणारी बाई पहिल्या अर्ध्या तासात प्रेक्षकाच्या ओळखीची झाली पाहिजे. तिचे गड्डी बांधणे, सावलीला बसून भाकर खाणे, फडीवर पाने मोजून घेणाऱ्याशी तिची होणारी घासाघीस, सगळे दिसले पाहिजे, आणि तिने काहीही चुकीचे केलेले नसताना ती गेली पाहिजे. त्यानंतर कॅमेऱ्याने वाघाच्या मागे धावू नये. पंचनामा होतो, भरपाईचे कागद लिहिले जातात, कोणीतरी ती जंगलात का गेली असे विचारते. तेंदूचा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो आणि पाने जून झाली की कोणी घेत नाही, म्हणून दोन दिवसांनी तिची जाऊ, तिची थोरली मुलगी आणि शेजारणी पहाटे चार वाजता त्याच रानाकडे निघतात. कॅमेऱ्याने त्यांच्याबरोबर जावे.